ए. एस. गुंडूराव आणि ए. एस. गुंडूराव

मंगळवारी सकाळी उप्पिटाचा दुसरा घास तोंडात असताना गुंडूरावांना कळलं, की आपला नवा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आहे. फोन किणकिणला, त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि परदेशातल्या कुठल्याशा डेटाबेसने पाठवलेलं अभिनंदन वाचलं. प्रिय ए. एस. गुंडूराव, आपल्या ताज्या प्रकाशनाबद्दल हार्दिक अभिनंदन. निबंध खाऱ्या पाण्यातल्या पोलादाला चढणाऱ्या गंजाविषयी होता. गुंडूरावांनी घास गिळला. आयुष्यभर त्यांनी पाणवनस्पती शिकवल्या होत्या, निवृत्त होऊन एक तप उलटलं होतं, आणि पोलादाशी त्यांचा संबंध समोरच्या ताटलीपुरता होता. तरी त्यांनी सारांश शेवटपर्यंत वाचला. वाईट नव्हता.

"कोणाचा मेसेज?" अहल्याबाईंनी ओट्याकडून विचारलं.

"माझा पेपर आलाय."

"कशावर?"

"गंजावर."

"बरोबर आहे," अहल्याबाई म्हणाल्या आणि चटणीची वाटी पुढे सरकवली.

दुपारी प्रणिताचा फोन आला. प्रणिता ही त्यांच्या चुलतभावाची मुलगी. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची तिची नोकरी होती, आणि ती चूक सापडल्याच्या आवाजातच नेहमी बोलायची.

"काका, बिझी आहात का?"

"निवृत्त माणसाला असं विचारू नये. बोल."

"एक विअर्ड गोष्ट झालीय. अप्पांना जाऊन आठ महिने झाले ना? त्यांचा पेपर आत्ता आलाय."

"गंजावरचा?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझाही तोच आलाय."

मग तिने सगळं नीट सांगितलं. अप्पांच्या जुन्या कॉलेजातले लोक वर्षश्राद्धाच्या सुमारास एक स्मरणग्रंथ काढत होते, आणि अप्पांच्या निबंधांची यादी करून द्यायचं तिच्याकडे होतं. तिने डेटाबेसमध्ये अप्पांचं नाव टाकलं, तर समोर एकच लेखक आला आणि त्याच्यामागे अगडबंब यादी. "कंप्युटरच्या मते तुम्ही, अप्पा आणि बळ्ळारीकडचे कोणीतरी गंजवाले, तुम्ही तिघं एकच माणूस आहात. आणि काका, तो माणूस फारच हुशार आहे." हे वेगळं करता येतं, पण लायब्ररीतूनच, आणि कुठला निबंध कुणाचा हे सांगणारं आता जगात एकच माणूस उरलंय, असं ती म्हणाली. शुक्रवारी सगळा मजकूर प्रेसमध्ये जाणार होता.

"म्हणजे वाटणी करायची," गुंडूराव म्हणाले.

"हां, वाटणी. आणि काका, तो केरेवाला पेपर, तळ्यावरचा. तो कुणाचा, तेही एकदाचं ठरवूया ना. रागावू नका, पण तो मला अप्पांच्या यादीत हवाय."

गुंडूराव रागावले नाहीत. राग येण्यासाठी लागणारी जागा छातीत कुठे असते ती त्यांनी चाचपून पाहिली, तिथे उप्पीट होतं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "गुरुवारी ये मल्लेश्वरमला."

नावाचं असं होतं. आनेकलच्या पेठेत त्यांच्या आजोबांचं, म्हणजे अस्सल पहिल्या गुंडूरावांचं, शिंपीकामाचं दुकान होतं. घराणं पिढ्यांपूर्वी कुठल्याशा मराठी फौजेच्या मागून आलेलं. फौज पुढे गेली, शिंपी मागे राहिले. आडनाव पतंगे. ते शाळेच्या मुख्याध्यापकांनी कापलं, कारण त्या मुलखात माणसाला आडनाव नसतं, गाव असतं आणि बाप असतो, आणि दोन्ही एकेका अक्षरात मावतात. आजोबांना दोन मुलगे, सखाराम आणि श्रीपती. आजोबा गेले त्या वर्षी दोन्ही सुनांना दिवस गेलेले होते. आजोबाच पोटाला येणार याबद्दल घरात एकमत होतं. कोणाच्या, याबद्दल नव्हतं. काही आठवड्यांच्या अंतराने दोघींना मुलगे झाले आणि दोघांचीही नावं गुंडूराव ठेवली गेली, कारण एकाला नाव देऊन दुसऱ्याला न देणं म्हणजे आजोबांच्या आत्म्याला दारातून परत पाठवणं. ए म्हणजे आनेकल, एस म्हणजे बाप. घरात त्यामुळे काही घोटाळा झाला नाही, कारण घरात ते नाव कोणी घेतच नसे. सासऱ्याचं नाव सुनांनी तोंडाने कसं घ्यायचं? आईला पोटच्या पोराला जेवायला हाक मारायची तर मध्ये सासरा उभा. म्हणून जो आधी जन्मला तो दोड्डू झाला आणि मागून आला तो पुट्टू; कानडीत एक मोठा, एक छोटा. पुट्टू म्हणजे आपले गुंडूराव, दोड्डू म्हणजे प्रणिताचे अप्पा. शाळेत मास्तर हजेरी घेताना एकदाच नाव पुकारत आणि दोघं एकदम ओ देत, त्यामुळे एक तापाने घरी निजलेला असला तरी हजर असे. एकाने अभ्यास केला म्हणून दोघांना मार्क पडत नसत, एवढाच काय तो तोटा. पुढे पुट्टूने वनस्पती घेतल्या, दोड्डूने प्राणी घेतले, आणि बेंगळुरूच्या दोन वेगळ्या कॉलेजांत दोघं शिकवायला लागले. लोकांना वाटे एकच माणूस दोन नोकऱ्या करतो.

दोड्डू गेला तेव्हा पेपरात आलं, ए. एस. गुंडूराव यांचे निधन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडूरावांच्या दाराशी त्यांचे दोन जुने विद्यार्थी चंदनाचा हार घेऊन उभे होते. दार गुंडूरावांनीच उघडलं. विद्यार्थ्यांपैकी एक जण आता स्वतः मुख्याध्यापक होता. त्याने आधी हार पाठीमागे लपवला आणि मग नमस्कार केला, तेव्हा हार पुन्हा पुढे आला. गुंडूरावांनी दोघांना कॉफी पाजली. हार वाया जाऊ नये म्हणून दोड्डूच्या घरचा, महादेवपुऱ्याचा पत्ता लिहून दिला. ते गेल्यावर मात्र बराच वेळ ते बैठकीच्या खोलीत उभे राहिले होते, कुठे बसावं हे न कळल्यासारखे. दुःख होत होतं का? होत असावं. पण त्यात एक चमत्कारिक मोकळेपणा होता, आपल्यावर आलेलं दुसऱ्यावर गेल्याचा, आणि त्या मोकळेपणाची त्यांना तेव्हापासून जराशी शिसारी वाटत आली होती. तेवढं सोडलं तर तब्येत ठीक होती.

गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते जवळच्या संशोधन संस्थेच्या ग्रंथालयाकडे चालत निघाले. वाटेत फुलांच्या टोपल्या, भाजीच्या गाड्या, कोथिंबिरीवर शिंपडलेलं पाणी. ओल्या पाल्याचा वास आला की त्यांना अजूनही आनेकलबाहेरचं तळं आठवे. त्या केरेवर ते आणि दोड्डू तीन पावसाळे जात होते, दर रविवारी, सकाळच्या बसने. पुट्टूला तिथली एक पाणवनस्पती हवी होती, दोड्डूला गोगलगायी. एकाने काठावर दोरीचं टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक घेऊन कमरेएवढ्या पाण्यात शिरायचं आणि दोरीला बांधलेल्या गाठींप्रमाणे पानं मोजत जायचं. पाण्याखालचा चिखल पायाच्या बोटांमधून वर येई, थंडगार, लोण्यासारखा. पानं उलटी केली की खालच्या अंगाला अंड्यांचे गोळे चिकटलेले, साबुदाण्यासारखे. "पुट्टू, इकडे बघ," दोड्डू ओरडे, "तुझ्या पानाला माझी पोरं झालीत!" गोगलगायी फक्त त्याच वनस्पतीच्या पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालतात, आणि तळ्यात सांडपाणी शिरून ती वनस्पती गेली की गोगलगायीही जातात, एवढीच गोष्ट होती. पण ती दोघांपैकी एकट्याला कधी कळली नसती. एकाने पानाचा वरचा भाग पाहिला असता, दुसऱ्याने नुसतीच गोगलगाय. आता त्या जागी घरपोच माल पाठवणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं गोदाम आहे आणि त्याची भिंत फार लांब आहे.

निबंध लिहून झाल्यावर पुट्टूने तो टाइप केला. वर नावं घातली: ए. एस. गुंडूराव आणि ए. एस. गुंडूराव. उत्तरेकडच्या एका नियतकालिकाकडे पाठवला. तिथले संपादक मोठे दक्ष गृहस्थ होते. टाइप करणाऱ्याच्या हातून नाव दोनदा पडलं आहे हे त्यांच्या लगेच लक्षात आलं आणि त्यांनी त्यातलं एक खोडलं. तेवढ्यावर न थांबता, आतमध्ये जिथे जिथे 'आम्ही' होतं तिथे तिथे त्यांनी 'लेखक' केलं. लेखक पाण्यात उतरला. लेखकाने दोरी धरली. एकच माणूस दोरीची दोन्ही टोकं धरून आहे, हे कोणाला खटकलं नाही. निबंध गाजला. परदेशातून पत्रं आली. तक्रार केल्यावर संपादकांनीही सभ्यपणे कळवलं की पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापतो. फक्त छापलेलं नाव कोणाचं समजायचं आणि गळलेलं कोणाचं, तेवढं ठरवून सांगा. ते ठरवायला दोघं भाऊ मल्लेश्वरमच्या एका हॉटेलात बसले.

"छापलंय ते पहिलं नाव," दोड्डू म्हणाला होता. "पहिलं माझं."

"कशावरून?"

"मी मोठा."

"महिनाभराने."

"महिनाभराने का होईना. मोठा तो मोठा."

"टाइप मी केलं. मी पहिलं माझं नाव टाइप केलं."

"पुट्टू, दोन्ही नावं सारखी आहेत. त्यातलं तुझं कुठलं, ते तुला कसं कळलं?"

"टाइप करताना माझ्या मनात होतं."

"मनात होतं!" दोड्डू हसला होता. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून पाहतील इतक्या मोठ्याने. "मग तिथेच छापून घे."

कॉफीवर साय धरली. दोघंही उठले. शुद्धिपत्र कधी आलं नाही, कारण गळलेला कोण हे कधी ठरलंच नाही, आणि त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. वाडवडिलांच्या मिळकतीची वाटणी त्याआधी सहज झाली होती. शिवणयंत्रं, तांब्याची भांडी, दुकानाचा गाळा, सगळं दोन बापांनी एका दुपारी वाटून घेतलं होतं आणि विहीर समाईक ठेवली होती. निबंधाला विहिरीइतकीही अक्कल नव्हती. बायकांनी मात्र जाणं-येणं चालू ठेवलं. दिवाळीचा फराळ इकडून तिकडे जाई, लग्नकार्यात आहेर होत, मुलं एकमेकांच्या घरी राहत. भांडण फक्त शास्त्रीय होतं. त्या एका निबंधावर पुट्टू प्रोफेसर झाला. त्याच निबंधावर दोड्डूही प्रोफेसर झाला. दोघांनीही आपापल्या माहितीपत्रकात तो सगळ्यात वर घातला होता, आणि दोन्ही ठिकाणी ते खरं होतं.

ग्रंथालयात प्रणिता आधीच येऊन बसली होती. तिच्या शेजारी ग्रंथपाल रूपश्री होती, निपाणीकडची, मराठीत सुरुवात करून कानडीत संपवणारी आणि कधी उलट. तिने गुंडूरावांना खुर्ची दिली, पंखा वाढवला आणि पडद्यावर नाव टाकलं. यादी उघडली. वरपासून खालपर्यंत एकच नाव, ए. एस. गुंडूराव, ए. एस. गुंडूराव, जपाला बसल्यासारखं.

"बसा की सर आरामात. एकेक सांगत जावा. तुमचा असला की इकडं, ह्यांच्या अप्पांचा असला की तिकडं, आणि दोघांचा नसला की बळ्ळारीला."

वाटणी सुरू झाली. गोगलगाय, तिकडे. शेवाळ, इकडे. गंज, बळ्ळारी. पुन्हा गंज. बळ्ळारीचे गुंडूराव उद्योगी गृहस्थ होते, वर्षाला चार-पाच निबंध पाडत. गुंडूराव मंगळवारपासून त्यांचे निबंध एकेक करून वाचत आले होते, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. दोन दिवस ते एक प्रचंड माणूस होते. त्या माणसाने पाण्यात काय उगवतं ते पाहिलं होतं, पाण्यात काय रांगतं ते पाहिलं होतं, आणि पाण्यात टाकलेलं लोखंड कसं संपतं तेही पाहिलं होतं. एका आयुष्याला पुरून उरेल इतकं. दुपारी आडवं झाल्यावर त्यांना वाटे, हे खरंही असेल. आपण नाही का हजेरीत दोघांच्या नावाने ओ देत होतो. आता रूपश्री एकेक ओळ उचलून बाजूला ठेवत होती आणि तो प्रचंड माणूस बाजारातल्या कलिंगडासारखा फोडींनी कमी होत होता. काही निबंध त्यांना आठवेनात. शेवाळलेल्या दगडी टाक्यांबद्दलचा एक होता; तो आपला की नाही हे कळायला त्यांना दोन परिच्छेद वाचावे लागले. आपलाच निघाला. लिहिणारा माणूस ओळखीचा वाटला, फारसा आवडला नाही.

"काका, कंटाळलात?"

"नाही गं. स्वतःची ओळख होतेय. स्वल्प उशिरा."

मग केरेचा निबंध आला. यादीत त्याच्यापुढे सगळ्यात मोठा आकडा होता. जगभर इतक्या लोकांनी त्याचा उल्लेख केला होता. रूपश्रीचा हात थांबला. "सर, ह्याला लेखक एकच आहे. एकाच्याच खात्यात जाईल."

प्रणिता आपल्या नखांकडे पाहत होती, बापासारखी मान तिरकी करून. गुंडूरावांनी येताना वाटेत एक वाक्य तयार केलं होतं. ते मोठ्या मनाचं होतं, त्यात दोड्डूची थोरवी होती आणि आपली किंचित जास्त होती. पण त्यांनी आधी निबंध उघडायला सांगितला. इतक्या वर्षांत त्यांनी तो उल्लेखला होता, वाचला नव्हता. त्यांना त्यात आपली वाक्यं शोधायची होती. पान उलटल्यावर खालची बाजू मांजराच्या जिभेसारखी लागते, असं एक वाक्य होतं. हे आपलं, त्यांना वाटलं, पानाचं आहे म्हणजे आपलंच. पण मांजर दोड्डूच्या घरी होतं. पुट्टूच्या आईला मांजराचे केस चालत नसत. पुढे अंड्यांचं वर्णन होतं, साबुदाण्यासारखी, ते दोड्डूचं असायला हवं. पण उपास पुट्टू करायचा, दोड्डू संकष्टीलासुद्धा वडे खायचा. त्यांनी खालपर्यंत वाचलं. लेखक पाण्यात उतरला. लेखकाने दोरी धरली. कुठलं वाक्य कुणाचं, सांगता येईना. तयार केलेलं मोठ्या मनाचं वाक्यही कुठेतरी गळून गेलं.

"त्याला दे," ते म्हणाले.

"अप्पांना?" प्रणिताने वर पाहिलं. "नक्की, काका? मग तुम्ही..."

"मी गळलो. ठरवायचं राहिलं होतं, आज ठरवलं. दाब, रूपश्री."

"तुम्हालाच दाबावं लागतंय सर. तुमच्या खात्यातनं जातंय ना."

पडद्यावर प्रश्न होता: या निबंधाचे लेखक आपण आहात का? गुंडूरावांनी बोट टेकवलं. नाही. आत कुठे काही तुटलं वगैरे नाही. पंख्याचा आवाज येत होता. प्रणिताने त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि काढून घेतला, आणि त्यांना वाटलं, चला, एवढंच होतं तर.

यंत्राला मात्र तसं वाटलं नाही. ते थोडा वेळ गरगरलं आणि त्याने नवीन पान पुढे केलं. आपण या निबंधाचे लेखक नसल्यामुळे पुढील निबंधांचेही नसण्याची शक्यता आहे. तेच तळं, त्याच वनस्पती, तेच नाव. खाली गुंडूरावांची उरलीसुरली सगळी मिळकत ओळीने मांडलेली होती आणि प्रत्येकीपुढे आधीच बरोबरची खूण केलेली होती, फक्त होकार द्यायचा बाकी.

"अय्यो, हे सगळंच न्यायला लागलंय की ओ," रूपश्री म्हणाली. "थांबा सर, एकेक खूण काढूया."

"असू दे," गुंडूराव म्हणाले. त्यांना कंटाळा आला होता. एकदा हात सोडल्यावर पुढचं सोपं वाटत होतं. शेवाळाचा निबंध जाईल, टाक्यांचा जाईल, आपण हलके होऊ. दोड्डूला नीट मोठा ग्रंथ मिळेल. त्यांची नजर एकेक ओळ ओलांडत खाली गेली, आपल्याच घरातलं सामान ट्रकात चढताना पाहावं तशी, आणि अगदी तळाशी दोन पानांच्या एका टिपणावर अडकली. त्याच्यापुढे आकडा शून्य होता. जगात कोणीही त्याचा कधीच उल्लेख केला नव्हता.

"हा माझा आहे!"

आवाज त्यांचाच होता. पलीकडच्या टेबलांवरची संशोधक मुलं माना वर करून पाहू लागली. एकाने कानातला इयरफोन काढला. गुंडूराव उठून उभे राहिले होते हे त्यांना खुर्ची मागे पडल्यावर कळलं.

"आहे सर, आहे, तुमचाच आहे," रूपश्री घाईने म्हणाली. "काढली खूण. सगळ्याच काढते. बसा की."

प्रणिताने खुर्ची उचलून ठेवली आणि, काकांना एवढं काय झालं ते पाहावं म्हणून, टिपण उघडलं. हॉटेलातल्या त्या कॉफीनंतरच्या वर्षी लिहिलेलं होतं. तळ्याच्या खोलीची काही मोजमापं, आधीच्या पावसाळ्यांत घेतलेली, निबंधात न वापरलेली. त्यात शोध असा काही नव्हता. कुठल्याशा लहान गावातून निघणाऱ्या, चार ग्रंथालयांत जाणाऱ्या एका त्रैमासिकात छापलेलं. गुंडूरावांनी त्याची प्रत कोणाला पाठवली नव्हती. प्रणिता वाचत शेवटापर्यंत गेली आणि शेवटची ओळ तिने मोठ्याने वाचली. "दोरीचं दुसरं टोक धरल्याबद्दल लेखक ए. एस. गुंडूराव यांचा आभारी आहे." आणि ती खो खो हसायला लागली. "अय्यो काका, हा तो! अप्पांचा जोक!"

"कुठला जोक?"

"जेवताना सांगायचे. कोणी पाहुणे आले की हमखास. म्हणायचे, आमच्या घराण्यात एक शास्त्रज्ञ आहे, त्याला दुनियेत कोणी विचारत नाही, म्हणून तो बिचारा स्वतःच स्वतःचे आभार..." ती थांबली. तिने पडद्याकडे पाहिलं, वर लेखकाचं नाव होतं तिकडे, मग खाली. हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, काढायला विसरल्यासारखं. "काका. हे खालचे अप्पा आहेत?"

"दोरीला दोन टोकं असतात," गुंडूराव म्हणाले.

रूपश्रीने उगाच कीबोर्ड पुसला.

"त्याला हा अंक कुठे मिळाला?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज आता नेहमीसारखा होता, वर्गात विचारावा तसा. "चार ठिकाणी यायचा तो. त्याच्या कॉलेजात येत नव्हता."

"ते शोधायचे ना. लायब्रऱ्यांत जाऊन. स्वतःचं नाव. मला पण न्यायचे लहानपणी, तिथे कार्डांचे ड्रॉवर होते लाकडी, मी ओढायचे. म्हणायचे, काय कटकट आहे बघ, आपलं नाव शोधायला जावं तर पुट्टूच निघतो."

लाकडी खणांचा वास गुंडूरावांना माहीत होता, आणि कार्डाच्या कडेवरून अंगठा मागे नेताना होणारा आवाज. गोगलगायींच्या पचनसंस्थेबद्दल जितकं वनस्पतिशास्त्रज्ञाला ठाऊक असण्याचं कारण नाही तितकं त्यांना ठाऊक होतं, ते असंच, आपलं नाव शोधता शोधता. पण दोड्डू? तो टेबलाशी बसून हसत असे, आणि पाहुणे हसत, आणि त्याला कळलेलं असे की नसे? आपलेच आभार मानणाऱ्या माणसाची गोष्ट त्याने विनोद म्हणून उचलली, की आभार पोचले म्हणायला दुसरं कुठलं तोंड नव्हतं म्हणून? हे आता विचारायचं कोणाला. "हसायचा का तो स्वतः?" त्यांनी विचारलं.

"सगळे हसायचो. अप्पा पण." प्रणिताने आठवून पाहिलं. "पण काका, किती वर्षं एकच जोक. आई वैतागायची. म्हणायची, आता पुरे करा ओ. तरी सांगायचेच."

खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. रूपश्रीने हळूच विचारलं, "मग सर, हे टिपण तुमच्याकडं ठेवलं. तळ्याचा पेपर त्यांच्याकडं. बरोबर? आभाराचं इथं काय करता येत नाही. लेखक तेवढेच घेतंय हे."

"सरी, सरी."

"मी घेते," प्रणिता म्हणाली. "आमच्या ग्रंथात. अप्पांच्या यादीच्या शेवटी हे टिपण पूर्ण छापते. दोन पानं तर आहेत. चालेल ना?"

"तुझ्या बापाच्या ग्रंथात माझं टिपण?"

"अप्पा आहेत की त्यात."

गुंडूरावांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. इस्त्रीची घडी मोडली. "वर लेखक म्हणून काय घालशील?"

"ए. एस. गुंडूराव."

"आणि खाली?"

"ए. एस. गुंडूराव."

"प्रेसवाला एक खोडेल."

"खोडतो कसा? शुक्रवारी मी स्वतः जाऊन बसणार आहे तिथे, छापून होईपर्यंत."

"मीही येतो," गुंडूराव म्हणाले. "तू वरच्यावर लक्ष ठेव, मी खालच्यावर ठेवतो."